लेकीच्या काळजाची तपासणी

माझ्या थोरल्या लेकीची बोटं आधी पांढरी पडली. दिवस थंडीचे होते, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. गार पाण्यात हात घातला की बोटं खडूसारखी व्हायची, मग निळी, मग लालभडक, आणि मग ती हात काखेत धरून रडायची. मी म्हटलं, रक्त कमी असंल. मेंढीच्या लोकरीचे हातमोजे विणून दिले. आमच्याकडं पुरुष माणसंच लोकर कातत्यात, त्यात लाज नाही.

ती माधवनगरात दिलेली. जावई यंत्रमागावर मुकादम, आणि ती घरात शिवणकाम करायची. गल्लीतल्या निम्म्या बायकांच्या अंगात तिच्या हातचं झंपर असायचं. मी पूर्वेकडच्या कोरड्या मुलखातला धनगर. तिसरी पास झालो, चौथीत नाव घातलं आणि त्याच साली बाप मेंढरं घेऊन निघाला, मी त्याच्या मागं. तवापासनं शिकलो ते मेंढरांकडून आणि बाजारातून. ते शिकणं कमी आहे असं मला आजपर्यंत कधी वाटलं नाही. एकदाच वाटलं, ते सांगायला बसलोय.

वर्षभरात लेकीची कातडी आवळायला लागली. बोटांवरची आधी, मग हातांची, मग तोंडाची. अंगठी निघंना म्हणून सोनाराकडं जाऊन कापून काढली. तोंडावरच्या सुरकुत्या गेल्या, आणि शेजारणी म्हणायला लागल्या, "काय लावतीस गं? दिसामासानं तरणी व्हाय लागलीस!" ती हसायची. पण हसताना तोंड पुरतं उघडत नव्हतं. भाकरीचा घास मोठा झाला की तो मोडून पुन्हा मोडावा लागायचा. पुढं सुई धरता येईना. जिना चढली की धाप लागायला लागली.

सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं. सिस्टेमिक स्क्लेरोसिस. ते नाव मी चार महिने पाठ करत होतो, आता झोपेत उठवलं तरी म्हणतो. बाई पन्नाशीच्या, आवाज मऊ, पण नजर मेंढरू घेणाऱ्यासारखी. माणूस आत आला की चालण्यावरून त्याला तोलायच्या. गोळ्या झाल्या, सलायनमधून औषधं झाली. आजार थांबंना. तवा त्यांनी मूळपेशींची गोष्ट काढली. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात ते करतात म्हणाल्या.

"आजोबा, रक्तात राखण करणाऱ्या पेशी असतात," बाई म्हणाल्या. "त्या हिच्या शरीरालाच शत्रू समजायला लागल्यात."

"म्हंजी राखणीचं कुत्रंच मेंढरं फाडाय लागलंय."

बाई हसल्या. "अगदी तसंच. मग तुम्ही अशा कुत्र्याचं काय करता?"

"रगताची चटक लागल्यावर काय ऱ्हातंय? मारावं लागतंय."

"आम्हीही तेच करतो. आधी तिच्याच रक्तातून मूळपेशी काढून गोठवून ठेवायच्या. ती पिल्लं समजा. मग जहाल औषध देऊन जुनी कुत्री सगळी मारायची. आणि मग पिल्लं आत सोडायची. ती नव्यानं राखण शिकतात, जुनी खोड नसते त्यांना."

मला हे इतकं पटलं की मी मांडीवर थाप मारली. मग एक गोष्ट मनात आली. "बाई, पर त्ये इख मेंढरानंच खाल्लं तर वो?"

बाईंचं हसू गेलं. खुर्ची पुढं ओढून त्यांनी लेकीकडं बघून सांगायला सुरुवात केली. मला वाटलं होतं मलाच सांगतील. त्या म्हणाल्या, हा आजार कातडीवर दिसतो, तसा तो हृदयातही बसतो, आणि तिथं बाहेरून काही दिसत नाही. हृदयाची भिंत आतल्या आत ताठ होते. हे औषध हृदयावर घाव घालतं. शिवाय त्याच्यासोबत शिरेतून बाटल्यांवर बाटल्या पाणी द्यावं लागतं, नाहीतर मूत्राशय सोलून निघतं. चांगलं हृदय ते पाणी पुढं ढकलतं. ताठ झालेल्या हृदयाला ते ढकलता येत नाही, मग पाणी फुप्फुसात साठतं. किंवा ठोके बिघडतात आणि हृदय थांबतं.

"काही पेशंट आजारानं जात नाहीत," बाई म्हणाल्या, "या उपचारात हृदय बंद पडून जातात. म्हणून आधी हृदयाच्या सगळ्या तपासण्या. त्या चांगल्या आल्या तरच मी पुण्याला पाठवीन. नाहीतर नाही."

लेक म्हणाली, "चांगल्याच येतील."

बाहेर आल्यावर दवाखान्याच्या पायरीवर ती बसली. जावई रिक्षा बघायला गेला होता. ती खाली बघत म्हणाली, "आबा, मला दोन डाव अंधारी आलती."

"कवा?"

"एकदा मिशीनवर. डोस्कं कापडावर पडलं, उठले तर सुई बोटात. आन् एकदा जिन्यात. छातीत कायतरी फडफडतंय, आन् मग कायबी दिसत न्हाई."

"पाव्हण्यास्नी सांगितलंस?"

"न्हाई."

"मग कुणालाच सांगू नगंस," मी म्हटलं. एवढं बोलायला मला एक क्षणभरही विचार करावा लागला नाही.

हे का बोललो, ते सांगतो. आमची सगळी हयात बाजारात गेली. घेणारा येतो, मेंढराच्या पाठीच्या कण्यावरनं हात फिरवतो, दात बघतो, पुढं चालवून बघतो. लंगडणाऱ्या मेंढराला त्या दिवशी चालवायचं नाही, कळपाच्या मध्ये बांधून ठेवायचं. उभ्या मेंढराचं लंगडणं दिसत नाही. ज्याला धाप लागते त्याला आदल्या दिवशी सावलीत ठेवायचं. माझा बाप यात हुशार होता आणि मी त्याच्याहून. माझं मेंढरू कुणी परत आणून बांधलं, असं आटपाडीच्या बाजारात एकदाही झालं नाही. याचा मला अभिमान होता. आणि डॉक्टरीणबाईंची नजर तशी आहे हे मी आधीच लिहिलं. माझ्या डोक्यात बाई म्हणजे घेणारी झाली, पुणं म्हणजे गिऱ्हाईक झालं, आणि आपला माल पसंत पडला पाहिजे एवढंच राहिलं.

जेलीचा फोटो, म्हणजे इको, चांगला आला. मग चोवीस तासांचं यंत्र लावलं. त्याला होल्टर म्हणतात. छातीवर पाच चिकटपट्ट्या, त्यांच्या तारा, आणि कमरेला काड्याच्या पेटीहून थोडी मोठी डबी. लावणाऱ्या पोरीनं सांगितलं, "अंघोळ तेवढी करू नका ताई. बाकी रोजची सगळी कामं करा. जिने चढा, उतरा. धडधड झाली, चक्कर आली, तर या कागदावर वेळ लिहायची."

माधवनगरात आलो आणि मी लेकीला सांगितलं, "आता उद्या सकाळपतूर खाटंवरनं उठायचं न्हाई."

जावई मागावर निघाला होता. दारात थांबला. "मामा, कामं कराय सांगितल्यात की डाक्टरनी."

"पाव्हणं, तुमी तुमचं माग बघा. मानसांचं मी बघतो."

बिचारा गेला. भाकरी मी थापल्या, पिठलं मी केलं. नात शाळेतून आली तिला जेवू मी घातलं. शेजारची एक बाई डोकावली आणि म्हणाली, "आज म्हातारबा चुलीपाशी आन् राणीसाब पलंगावर? चाललंय काय?" मी म्हटलं, "आमच्यात तसंच आस्तंय. तुमच्याकडं न्हाई का?" ती हसत गेली. लेकीला मी लघवीला जाण्यापुरतं उठू दिलं, तेही धरून, हळू. पाणी आणून तिच्या हातात दिलं. तो वेळ लिहायचा कागद उशाशी कोराच पडला होता.

दुपारी ती छताकडं बघत म्हणाली, "आबा, ही लबाडी हाय."

"लबाडी कशाची? बाजार हाय ह्यो."

ती हसली. मला वाटतं तिलाही तेच पाहिजे होतं. तिला तिचे हात परत पाहिजे होते. एका शेजारणीला झंपर दुसरीकडून शिवून घेताना बघितल्यावर ती तीन दिवस कुणाशी बोलली नव्हती. मी तिला फसवलं असं म्हणता येणार नाही. आम्ही दोघं मिळून फसवत होतो, फक्त रीत माझी होती.

होल्टरची पट्टी स्वच्छ आली.

मग एमआरआय झाला. त्या लांबड्या नळकांड्यात तिला घातलं. आठवड्यानं बाईंनी बोलावलं. फोटो उजेडापुढं धरून म्हणाल्या, "हृदयाच्या भिंतीत एक लहानसा डाग दिसतोय. हा डाग आणि सोबत ठोक्यांत गडबड असती, तर मी इथंच थांबले असते. पण होल्टर अगदी स्वच्छ आहे." मग लेकीकडं वळल्या. "कधी चक्कर? डोळ्यांपुढं अंधारी? छातीत फडफड?"

"न्हाई," लेक म्हणाली.

"नक्की?"

"नक्की, म्याडम."

मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडं बघत होतो. बाईंनी माझ्याकडंही एकदा बघितलं. म्हाताऱ्या माणसाला कोण विचारतंय, असं मी मनात म्हटलं. त्यांनी विचारलं नाही. पुण्याहून दाखल व्हायची तारीख आली. खर्चाचं कसं केलं ते इथं लिहीत नाही. ते आमचं आम्ही केलं.

पुण्याला जायच्या आधी लेक म्हणाली, गावाकडं यायचं, बिरोबाला जायचं. देऊळ आमच्या वस्तीपासून टेकडीवर आहे. चढ फार नाही, शेळीची करडं एका दमात चढतात. जावई नातीला घेऊन वस्तीवरच थांबला. आम्ही दोघंच निघालो. अर्ध्यावर ती थांबली. मी म्हटलं, दम घे. ती म्हणाली, "आबा, फडफडतं..." आणि बोलता बोलता उभ्या जागी खाली बसली आणि एका अंगावर कलंडली.

डोळे उघडे होते, पण त्यांत कुणी नव्हतं. मी आयुष्यात किती मेंढरं मरताना बघितली असतील, मोजली नाहीत. तसे डोळे मी ओळखतो. मी खाली बसून तिच्या पाठीला कान लावला. काळीज ठोकत नव्हतं, ते चाळणीतून दाणे सांडावेत तसं वाजत होतं. मग एकदम काहीच नाही. किती वेळ गेला ते मोजायचं मला सुचलं नाही. मग एक ठोका आला. जोराचा. मग दुसरा. ती खोकली आणि डोळ्यांत परत आली.

पहिलं बोलली ते हे, "सांगू नगासा."

"आता सांगाय पायजे, बाय."

"आबा, तारीख आलीया. आता सांगितलं तर सगळं गेलं. माझं हात गेलं." तिचा श्वास अजून लागत नव्हता. "तुमीच म्हणलासा न्हवं, कुणाला सांगू नगंस? मग आता का?"

मी तिला धरून वर नेलं, कारण खाली न्यायचं तर ती ऐकेना. देवापुढं दगडाच्या वाटीत भंडारा होता. तिनं तिच्या त्या न वळणाऱ्या बोटांनी चिमूट घ्यायचा प्रयत्न केला, ती घेता येईना, मग सगळी वाटीच माझ्या तळहातावर पालथी केली.

"उचला. कुणालाबी सांगनार न्हाई म्हना."

आमच्यात भंडारा उचलून बोललेला शब्द म्हणजे शेवट. भावकीतले किती तंटे मी तसे मिटवलेत. भंडारा उचलून खोटं बोललेल्या माणसाच्या दारात आम्ही पाणी पीत नाही. माझ्या बापानं कधी मोडला नाही, मी कधी मोडला नाही. मी म्हटलं, "न्हाई सांगत." आणि कपाळाला लावला.

लेक-जावई माधवनगरला परत गेली, आणि दोन दिवस मी वाड्यावर मेंढरांत राहिलो. आमच्यात वाडा म्हणजे मेंढरं कोंडायची काट्याची जागा. मला दुसरं काही सुचत नव्हतं. बाईंचं ते पाण्याचं बोलणं डोक्यातून जाईना. बाटल्यांवर बाटल्या. चढावर थांबतं ते काळीज एवढं पाणी कसं ढकलणार? मेंढरू विकलं आणि वाटेत मेलं, तर तोटा घेणाऱ्याचा. आजवर मी तसंच मानत आलो. पण इथं घेणारं कोण होतं? बाई घेत नव्हत्या, पुणं घेत नव्हतं. मी कुणाला फसवलं, हे मला त्या काट्यांपाशी उभं राहून कळलं, आणि कळल्यावर मला मेंढरांकडंही बघवेना.

तिसऱ्या दिवशी सकाळी एसटी धरली आणि सांगलीला गेलो. एकटाच. नंबर लावला. बाईंच्या समोर बसलो आणि पायताणाकडं बघून सगळं सांगितलं. पायरीवरचं, खाटेवरचं, चढावरचं. बाईंनी मध्ये एकदाही अडवलं नाही. मी गप झालो तवा त्यांनी पेन खाली ठेवलं.

"तुम्हाला कळतंय का आजोबा? मी हिला तिथं मरायला पाठवत होते. माझ्या सहीनं."

"कळलं म्हनूनच आलूय."

"आधी का नाही कळलं?"

"शानपन लय हुतं, म्हनून."

त्या मला ओरडतील असं वाटलं होतं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, मला ओरडणाऱ्याला तोंड देता येतं. त्यांनी फोन उचलून पुण्याला सांगितलं की पेशंट थांबवा. मग मला विचारलं, "तिला माहीत आहे तुम्ही इथं आलात ते?"

"न्हाई. भंडारा उचलून आलूय."

त्यांना ते कळलं नसावं, किंवा कळलं असावं. म्हणाल्या, "मग तिला तुम्हीच सांगायचं. मी सांगणार नाही. आणि आजच."

दवाखान्यापासून माधवनगर लांब नाही. मी चालत गेलो. लेक ओसरीवर कोमट पाण्याच्या पातेल्यात हात बुडवून बसली होती. तेवढ्यानं बोटं थोडी सैल व्हायची. मला बघून म्हणाली, "आबा? आज कसं काय?"

"डाक्टरीनबाईकडं गेलतो."

तिचे हात पाण्यातच राहिले. "भंडारा उचलला हुता तुमी."

"व्हय."

"मग?"

"मग मोडला."

जावई आत जेवत होता, तो ताटावरून उठून दारात आला. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. आळीपाळीनं आमच्या तोंडाकडं बघत राहिला. लेक ओरडली नाही. तिचं तोंड मोठ्यानं ओरडण्याएवढं उघडतच नव्हतं. ती हळू बोलली, म्हणून एकेक शब्द ऐकावा लागला.

"खाटंवर निजवलंसा, तवा मला इचारलं न्हाई. आज जाऊन सांगून आलासा, तवाबी इचारलं न्हाई. काळीज माझं हाय का तुमचं? एक डाव खोटं तुमीच बोललासा, एक डाव खरं तुमीच बोललासा. मला तिथं जाऊन मरायचं आसंल तर? हात धडाचं हुत्यात का बघून मरायचं आसंल तर?"

"पोरी..."

"जावा आबा."

मी उभाच राहिलो. माझ्या तोंडावर 'जा' म्हणणारं माणूस तोवर जन्मलं नव्हतं. मी जाणार नव्हतो. पण जावई पुढं आला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मामा, चला. मी स्टँडवर सोडतो." आणि मी गेलो.

पुन्हा तपासणी झाली ती दवाखान्यात ठेवून, तीन दिवस. या वेळी तिला चालवलं, जिने चढवले. पट्टीवर ठोक्यांच्या ओळीच्या ओळी वेड्यावाकड्या आल्या. मग गळ्याजवळच्या शिरेतून नळी घालून हृदयातला दाब बघितला, तोही चढलेला निघाला. पुण्याच्या डॉक्टरांनी कळवलं की जमणार नाही. हलक्या औषधाचीही एक रीत आहे, पण या काळजाला तीही झेपणार नाही. हे मला जावयानं सांगितलं. त्यांनी लेकीच्या गळपट्टीच्या हाडाखाली कातडी उचलून एक लहान यंत्र बसवलं. ठोके पिसाळले, तर ते आतून झटका देतं. त्या दिवशी मी दवाखान्याच्या व्हरांड्यात होतो. स्ट्रेचर माझ्या पुढून गेलं. तिनं मान भिंतीकडं केली.

त्यानंतर आठ महिने ती माझ्याशी बोलली नाही. मी दर सोमवारी जात होतो. कुणी ये म्हणत नव्हतं, मी जात होतो. ओसरीवर बसायचं, जावई चहा आणून द्यायचा, नात पुस्तक वाचून दाखवायची. लेक आतून बाहेर यायची, माझ्या पुढ्यातून जायची, कपडे वाळत घालायचा प्रयत्न करायची. चिमटा दाबता येत नसे. दोरीवर कपडा नुसता टाकायची आणि वाऱ्यानं पडला की पुन्हा उचलायची. मी उठलो की आत जायची. म्हणून मी उठायचं बंद केलं. कपडा पडायचा, ती उचलायची, मी बघायचो. त्या आठ महिन्यांत तिची बोटं तळहाताकडं वळून बसली. टोकांना जखमा झाल्या, त्या भरत नाहीत. शिवणाच्या मशीनवर घातलेला कपडा तिनं काढला नाही आणि मशीन कुणाला देऊही दिलं नाही.

बाईंकडं मी पुन्हा एकदा गेलो होतो. विचारलं, पाठवलं असतं तर काय झालं असतं? त्या म्हणाल्या, "पहिल्या आठवड्यातच गेली असती, असं मला वाटतं." मी म्हटलं, "वाटतं का नक्की?" त्या म्हणाल्या, "नक्की कुणालाच सांगता येत नाही आजोबा." खोटं सांगितलं असतं तर मला झोप लागली असती. बाईंनी सांगितलं नाही. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे, पण त्या दिवशी रागही आला.

परवाच्या उन्हाळ्यात एके दुपारी फोन वाजला. मी लिंबाखाली कोकराच्या पायातला काटा काढत होतो. फोनवर जावयाचं नाव दिसलं. तो मागावर असताना कधी फोन करत नाही. मी कानाला लावला.

"आबा."

लेक होती. आवाज फाटलेला.

"काय झालं गं?"

"यंत्रानं लाथ मारली." ती धापा टाकत होती. "भांडी लावत हुते. फडफडलं, आन् अंधारी आली. मग छातीत बैलानं लाथ मारावी तशी... खालीच पडले. ताट पडलं, त्येच्या आवाजानं शेजारीण आली, तिनं ह्यास्नी मागावरनं बोलावलं. डाक्टरीनबाईस्नी फोन केला. त्या म्हनल्या, यंत्रानं काम केलं. न्हाईतर संपलं हुतं."

कोकरू माझ्या हातातून सुटून गेलं.

"आबा, हाय का न्हाई तुमी?"

"हाय."

"यंत्र नसतं तर आज मेले आसते."

"व्हय."

"आन् तुमी सांगितलं नसतंसा तर यंत्र नसतं."

"व्हय."

मागं भांड्यांचा आवाज येत होता, कुणीतरी पडलेली ताटं गोळा करत होतं. मग ती म्हणाली, "पर तुमचं बराबर हुतं, आसं मी म्हननार न्हाई."

"नगं म्हनूस."

"हात हैत तसंच हैत. घास भरवाय लागतूय मला. हे जगनं मी मागितलं नव्हतं."

"ठावं हाय."

"नुसतं ठावं हाय म्हनू नगासा. मला इचारायचं हुतं तुमी. चढावरनं खाली आल्यावर इचारायचं हुतं. मी न्हाईच म्हनले आसते, तरीबी इचारायचं हुतं."

मी म्हटलं, "व्हय. चुकलं माझं."

हे शब्द मी तिच्या आईलाही कधी बोललो नव्हतो. ती जाऊन बारा वर्षं झाली. लेकीलाही ते ऐकून काय करावं कळलं नसावं. फोनवर तिचा श्वास ऐकू येत होता, आखूड, तुटका. बाईंनी सांगितलंय, तो आता आखूडच होत जाणार. यंत्राला ठोके कळतात, फुप्फुसाचं त्याला काही कळत नाही.

"सोमवारी येनार हाय न्हवं?" तिनं विचारलं.

"येऊ का?"

"या," ती म्हणाली, आणि फोन जावयाकडं दिला.